चिक चॉकलेट, मुक्काम यवतमाळ

मेलेल्या कलावंताचं ऋण फेडायला निघालेला माणूस जिवंतांना फार महागात पडतो. असा एक जण प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. 31 जुलैला रफी, 4 ऑगस्टला किशोर, अधूनमधून मुकेश. कराओकेचा ट्रॅक, भाड्याचा हॉल आणि पहिल्या रांगेत गायकाचे मेहुणे. हे सगळं सोसण्याजोगं आहे, कारण स्मरण कुणाचं चाललंय हे निदान मेहुण्यांना ठाऊक असतं. आमच्या मास्तरांची गोष्ट वेगळी. मास्तर लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवतात, आणि त्यांचं दैवत आहे चिक चॉकलेट.

यवतमाळात दत्त चौकापासून बस स्टँडपर्यंत चालत गेलं तर या नावाला काय काय प्रतिसाद मिळतात ते मी मास्तरांबरोबर हिंडून ऐकलंय. पानठेल्यावाल्यानं विचारलं, "पुडीतल्या शाम्पूचं काय जी?" फ्लेक्स छापणाऱ्यानं सुचवलं की कंपनीचा माल असेल तर फोटो कंपनीकडूनच मागवा. एका पोट्ट्यानं नुसता हात पुढे केला. मास्तर कुणावर रागावत नाहीत. ते थांबतात, काखेतली ट्रंपेटची पेटी खाली ठेवतात आणि सांगायला सुरुवात करतात. लोक मग आपणहून पुढे सरकतात.

मास्तरांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर वर्गणीसाठी तुमच्या दारात उभे राहतील. शिवाय बँडच्या धंद्यात ज्याच्या हाती ट्रंपेट तो मास्तरच.

तर चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या आल्दोना गावचा, जन्म 1916 चा. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि त्यानंही ते मनावर घेतलं होतं. त्या अमेरिकन जॅझ ट्रंपेटवाल्यासारखा फुंकायचा, त्याच्यासारखाच खरखरीत गायचा, हातात तसाच पांढरा रुमाल. पण हॉटेलात नाव आणि सिनेमात काम, अशी तेव्हाच्या गोवेकर वादकांची विभागणी होती. सी. रामचंद्रांसारख्या संगीतकारांकडे चिक सहायक होता. संगीतकार चाल बांधायचे. ती पाश्चात्त्य लिपीत उतरवणं, वाद्यांना वाटून देणं, ओळी-ओळींच्या मधले तुकडे भरणं, ही कामं या मंडळींची. 1951 च्या 'अलबेला'त तर पडद्यावरही चिकचा बँड दिसतो. 1967 साली तो वारला.

ही माहिती मी ओळीनं दिली. मास्तरांकडून ऐकायची तर ती अशी येत नाही. मास्तर वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेपासून सुरू करतात. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ते लहानपणी बापाबरोबर 'अलबेला' पाहायला गेले. बापही बँडातलाच. तंबूतले सगळे भगवानदादांचा नाच पाहत होते, गीताबालीला पाहत होते, बाप मात्र कोपरानं ढोसून म्हणाला, "तिकडं नोको पाहू. मांगं ट्रंपेटवाला हाये, त्याचे बोटं पाह्य." मास्तरांनी बोटं पाहिली, आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी कुठल्याही सिनेमात दुसरं काही पाहिलं नाही. लग्नानंतर वहिनींना टॉकीजमध्ये नेलं तेव्हाही, वहिनी सांगतात, हे नायिकेच्या मागचा पडदा निरखत बसले.

भक्ताला दैवत लांबचं असून चालत नाही, ते आपल्या शिवारात आणावं लागतं. मास्तरांनी चिकला विदर्भात आणण्यासाठी जे पुरावे जमवलेत ते ऐकण्याजोगे आहेत.

"हे पाहा भाऊ. सी. रामचंद्र गाणं शिकला कुठं? नागपुरात, शंकरराव सप्रे मास्तरांजवळ. भगवानदादा जन्मले कुठं? अमरावतीले. मंग 'अलबेला'चा ट्रंपेट कुठचा झाला? मधातला!" असं म्हणून ते भिंतीवरच्या नकाशावर नागपूर आणि अमरावतीच्या मधोमध बोट टेकवतात. खरं तर तिथं कोंढाळी-तळेगाव येतं आणि यवतमाळ बरंच खाली दक्षिणेला राहतं. पण मास्तरांचं बोट जाड आहे.

दुसरा पुरावा रेल्वेचा. यवतमाळला मोठ्या लाइनचं स्टेशन नव्हतंच. आमची छोट्या लाइनची गाडी शकुंतला मूर्तिजापूरपर्यंत जाई, तीही तिच्या मर्जीनं. मुंबईची गाडी धरायची तर धामणगाव. मास्तर म्हणतात, "मुंबईचा बँडवाला कलकत्त्याले वाजवाले जाईनच का नाई? गेला असन त मेलनं गेला असन. मेल धामणगावावरून जाते. मंग खिडकीतून यवतमाळकडं पाह्यलं असनच ना जी?" मी म्हटलं, मास्तर, त्या काळी एक मेल अलाहाबादवरूनही जात होती. मास्तर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तिकडून कोण कायले जाईन? लांब पडते." आणि ते खरंच लांब पडतं, त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही.

या भक्तीची अवजारं एकदा जवळून पाहायला हवीत. मास्तरांचा ट्रंपेट मेरठचा, जली कोठीतला. देशभरच्या बँडवाल्यांची वाद्यं तिथूनच येतात. पितळेवरचं पॉलिश कधीच उडालंय, जोडाला तांब्याची तार गुंडाळलीय. तीन बटनांपैकी मधलं उन्हाळ्यात अडकतं. त्याला मास्तर शिलाई मशीनचं तेल घालतात, आणि लग्नाच्या गर्दीत बाटली सापडली नाही तर ढोलवाल्याच्या केसांना बोट पुसून तेवढ्यावर भागवतात. थुंकी काढायच्या चावीचं बूच गेलं, तिथं सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवलाय. ओठांना तूप. आर्मस्ट्राँगसाठी जर्मनीतला एक माणूस खास मलम बनवायचा आणि ते त्याच्या नावानं विकलंही जायचं, हे मी सांगितलं तेव्हा मास्तरांनी वहिनींकडे असं पाहिलं की तुपाच्या डब्यावर यापुढे कुलूप नको.

रुमालाचंही तसंच. आर्मस्ट्राँगच्या हाती रुमाल, त्याचा पाहून चिकच्या हाती रुमाल, आणि मे महिन्यात 45 अंशांत वरातीपुढे चालणाऱ्या मास्तरांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा. लाल कोट, सोनेरी झालर, त्यावर दुपट्टा. वरपक्षाला वाटतं मास्तरांना ऊन लागलंय. लागलेलं असतंच, पण दुपट्टा परंपरेचा आहे.

गेल्या काही वर्षांत यात रबरी पंपाची भर पडली. ड्यूक एलिंग्टनच्या बँडातले ट्रंपेटवाले मोरी तुंबल्यावर दाबायच्या रबरी पंपाची वाटी ट्रंपेटच्या तोंडाशी उघडझाप करून माणसासारखा गुरगुरणारा आवाज काढत. भाच्यानं मोबाइलवर ते दाखवलं. मास्तरांनी हार्डवेअरच्या दुकानातून पंप आणला, दांडा काढून टाकला आणि घाटंजीकडच्या एका लग्नात नवरीच्या घरासमोर वाटी खिशातून बाहेर काढली. नवरीचा मामा धावत आला. "मास्तर, बाथरूम इकडं नाई, मांगच्या अंगाले हाये. आन तुंबलं असन त आम्ही पाहून घेऊ ना जी, तुम्ही कायले?" मास्तरांनी त्याला ड्यूक एलिंग्टन समजावून सांगितला. वरात तेवढा वेळ उन्हात उभी होती आणि घोडा कुणाच्या तरी आंब्याच्या डहाळ्या खात होता.

या सगळ्यातून एक दिवस अल्बमचा विचार निघाला. चिकच्या स्मरणार्थ अल्बम. कारण विचारलं तर मास्तर वंशावळ काढतात. लुई आर्मस्ट्राँगनं 1954 साली डब्ल्यू. सी. हँडी या आपल्या आधीच्या थोर माणसाच्या चालींचा अख्खा अल्बम केला. पुढच्याच वर्षी फॅट्स वॉलरच्या गाण्यांचा दुसरा. वॉलर तोवर गेलेला होता, पण हँडी हयात होता. डोळ्यांनी आंधळा, ऐंशीच्या घरातला. "ज्याले मान द्याचा तो सोता ऐकाले होता भाऊ," मास्तर म्हणतात. "आपल्याले उशीर झाला." आर्मस्ट्राँगनं हँडीला मान दिला, चिकनं आर्मस्ट्राँगला दिला, आता चिकला मास्तर देणार. मी सहज विचारून गेलो, आणि तुम्हाला? मास्तरांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मुलाची डीजेची गाडी.

मुलगा गुणी आहे. बँड, मग धुमाल, मग डीजे, हा विदर्भातल्या वरातींचा सगळा इतिहास त्यानं विशीतच पार केला. दार्जिलिंगच्या एका ट्रंपेटवाल्यानं आपल्या मुलाचं नाव आर्मस्ट्राँगवरून लुई ठेवलं आणि तो लुई बँक्स पुढे पियानोवर गाजला, ही हकिकत मास्तर वारंवार सांगतात आणि दर वेळी शेवटी म्हणतात, "पियानो तरी बरा." पण बँडच्या सुपाऱ्या कमी करणाऱ्या याच डीजेच्या कमाईतून अल्बमचा खर्च निघाला, हे ते सांगत नाहीत. वहिनी सांगतात. "भाऊजी, मेलेल्यासाठी वाजवून रायले. लाइटबिल जिवंताच्या नावानं येते, त्याले कोण मान द्याचा?"

अल्बमात काय असावं यावर मास्तरांनी बराच काळ डोकं खाजवलं आणि मग जे ठरवलं त्याला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करतो. गाणी घ्यायचीच नाहीत. चाल सी. रामचंद्रांची, शब्द कवीचे, आवाज गायकाचा. चिकचं काय? धृपदाआधी वाजतो तो तुकडा, अंतऱ्याआधी वाजतो तो, ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत ट्रंपेट जी चुणूक दाखवून जातो ती. वादक मंडळी ज्याला 'म्युझिक' म्हणतात ते. तेवढंच वाजवायचं. आणि जिथं गाण्याची ओळ येते तिथं? तिथं नुसता ठेका चालू ठेवायचा आणि ट्रंपेट खाली धरून उभं राहायचं. "चिक तवा गप्प होता," मास्तर म्हणाले. "आपून कायले बोलाचं?"

या तुकड्यांवर कायद्यानं हक्क कुणाचा, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर कुणीतरी सांगेल ही धास्ती.

रेकॉर्डिंग यवतमाळातच झालं. आमच्याकडचा स्टुडिओ निवडणुकीत प्रचारगीतांवर आणि नवरात्रात देवीच्या गाण्यांवर जगतो. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, त्यामुळे दुसरा हंगाम कधी बुडत नाही. उरलेले महिने कापडदुकानांच्या जाहिराती. स्टुडिओचा पोरगा कानाला हेडफोन लावून बसला. मास्तर म्हणाले काळी पाच. ट्रंपेट एकही बटन न दाबता वाजवला की स्वर तिथंच लागतो. ताशा-ढोलवाले आयुष्यभर वरातीचा ठोका टाकत आलेले, त्यांना जॅझची झुलती लय कशी द्यायची? मास्तरांनी सांगितलं, "सरळ नोको चालू. पंगतीत लय जेवून मांडवाबाहीर निंगालेला पाव्हणा कसा चालते? एक पाय लांब, एक आखूड. तसा." पुढच्या खेपेला ढोल असा डुलला की स्टुडिओच्या पोरानंही मान हलवली.

पहिला तुकडा झाला. ट्रंपेट थांबला, ठेका सुरू राहिला. पोरगा दचकून उठला. "काका, तुमचा माइक गेला."

"नाई गेला. आता लता गाऊन रायली."

पोरानं काचेतून आत पाहिलं. मास्तर डोळे मिटून ट्रंपेट पोटाशी धरून उभे होते आणि ओठ किंचित हलत होते. कोणाच्याच कानी न पडणारं गाणं त्यांना पुरतं ऐकू येत होतं, कारण बरोबर ओळीच्या शेवटी, अर्धी मात्राही न चुकता, त्यांनी वाद्य वर उचललं आणि फुंकलं. यात जादू काही नाही. वरातीत पन्नास वर्षं कुणाचं ना कुणाचं गाणं मनात धरून वाजवलं की हे येतंच. पण मला त्या वेळी ते सांगायचं सुचलं नाही.

सर्वांत चांगल्या टेकच्या वेळी बाहेर घंटागाडी आली. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा, हे तिचं रोजचं गाणं खिडकीच्या फटीतून आत आलं आणि नेमकं मोकळ्या जागेत, जिथं लता गात असायला हवी तिथं, जाऊन बसलं. पोरगा म्हणाला, काढून टाकतो. मास्तरांनी पुन्हा ऐकलं. "राहू दे. काळी पाचच हाये." अल्बमात ते आजही आहे.

मग माझी पाळी आली. मास्तरांना अल्बमच्या पाकिटावर 'चार शब्द' हवे होते. मी चिकबद्दल लिहिलं. मास्तरांनी वाचून त्यात धामणगाव घालायला सांगितलं. मी म्हटलं, पुरावा नाही. ते म्हणाले, "पाह्यलं असन असं लिवा. असन म्हटलं की खोटं होत नाई." वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढून ही सोय मला कशी माहीत नव्हती याचं आश्चर्य वाटलं. सहवादकांची नावंही सगळी हवी होती: ढोल, ताशा, दोन्ही क्लॅरिनेट, युफोनियम, आणि पेट्रोमॅक्सच्या जमान्यापासून दिवे धरणाऱ्या दोन बाया, ज्या रेकॉर्डिंगला आल्याही नव्हत्या. जागा पुरेना. मास्तर अडून बसले. "लगनाच्या पत्रिकेत मावशीच्या दोन वर्षांच्या पोट्ट्याचं नाव असते. तो काय वाजवते? बँडवाल्याचं नाव कधी पाह्यलं काय तुमी पत्रिकेत? आन चिकचं नाव तरी त्या सिनेमाच्या पोस्टरवर होतं काय?" माझ्या चार शब्दांतले तीन गेले, नावं राहिली.

प्रकाशन 4 ऑगस्टला करायचं ठरलं. ती आर्मस्ट्राँगच्या जन्माची तारीख, 1901 सालची. पण किशोरकुमारही 4 ऑगस्टचाच, त्यामुळे यवतमाळातले सगळे हॉल आधीच गेलेले. मी म्हटलं, एक वाट आहे; आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर 4 जुलै 1900 सांगत आला, खरी तारीख तो गेल्यावर चर्चच्या नोंदीत सापडली. मास्तर उसळले. "मंग सोताचं सोताले माहीत नसन काय त्याले? 4 जुलैलेच करू!" 4 जुलैला हॉल मिळाला, पण पेरणीचा पाऊस त्याच दिवशी आला. अख्खा जिल्हा शेतात. हॉलमध्ये आम्ही, वहिनी आणि हॉलचा चौकीदार. एका लग्नात मांडवातच प्रकाशन उरकू म्हणावं तर नवरीच्या आजीनं दम भरला की शुभकार्यात मेलेल्या माणसाचं नाव घ्याल तर जेवायला बसू देणार नाही.

शेवटी अल्बम पेन ड्राइव्हवर आला, कारण सीडी वाजवायला आता कुणाच्या घरी काही नाही. पाकिटावर चिकचा फोटो, खाली माझा उरलेला एक शब्द. विक्री मुलाच्या डीजेच्या गाडीवर. आर्णीकडचा एक जण लग्नाची सुपारी द्यायला आला होता. पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला.

"यातलं पुसता येते ना जी?"

"येते," मास्तर म्हणाले. "पण पुसाच्या आधी एक डाव आयका."

मुलानं ड्राइव्ह लावला. डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून ट्रंपेट निघाला तशी समोरच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. तुकडा संपला. ठेका डुलत राहिला. गिऱ्हाईक वाट पाहत थांबलं, मुलाकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं.

"गाणं कवा सुरू होते?"

"गाणं नाई त्यात," मास्तर म्हणाले.

गिऱ्हाइकानं थोडा विचार केला.

"गाणंच नाई म्हणता, मंग पन्नास रुपये कमी करा ना जी."